शिळ्या जत्रेतला पाळणा

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन पाचवा उन्हाळा चालू होता. वैशाखात, शिळ्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला गंगाखेडच्या नदीकाठचा मोठा पाळणा थांबवण्यात आला. सर्वांत वरच्या डब्यात सासू आणि सून अशा दोन बायका होत्या. साडेचारपर्यंत त्यांना खाली घेतलं नाही. पाळण्यात कोणताही बिघाड नव्हता.

त्याला अकरा वर्षं झाली. यंदाही पाळणे आले. ट्रकमधून लोखंडी दांडे उतरतात तेव्हा खणखणाट होतो, तो बसस्टँडपर्यंत ऐकू येतो. प्रत्येक दांड्यावर रंगानं आकडा घातलेला असतो, आकड्याला आकडा जुळवत चाक उभं राहतं. उन्हात ताज्या ऑइलपेंटचा वास सुटतो, त्यात डिझेलचा वास मिसळतो आणि वरून धूळ बसते. जानेवारीत नामविस्तार झाला. पाळण्याच्या खांबावर या वर्षी नवी पाटी आहे: लोकाग्रहास्तव मुदत वाढवली आहे. या वाढीव दिवसांना गाव अजून शिळी जत्राच म्हणतं.

खरी जत्रा चैत्रातली. तेव्हा नदीकाठच्या मैदानावर माणूस मावत नसे. पण ऊसतोडीला गेलेली कुटुंबं त्या वेळी तालुक्यात नसत. ती दिवाळी झाली की बैलगाड्या जुंपून जात आणि कारखान्यांचे पट्टे पडले, गाळप थांबलं, म्हणजे परत येत. तोवर चैत्र सरलेला असे. देवाचा गाभारा धुऊन झालेला असे, पेढेवाल्यांनी कढया उचललेल्या असत. पाळण्यांना मात्र पुढच्या जत्रेला अवकाश असे, म्हणून ते तिथंच उभे राहत. परतलेले तोडकरी आणि मैदानामागच्या वस्तीतली माणसं या दिवसांत पाळण्यात बसत. खऱ्या जत्रेत वस्तीतली माणसं पाळण्याकडे येत नसत. येऊ नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. शिळी भाकर कुणी फेकून देत नाही, कुणाला तरी देतात. नाव त्यावरून पडलं असावं.

शिळ्या जत्रेची गर्दी खऱ्या जत्रेपेक्षा मोठी असे आणि ती हाताळण्याची रीत वेगळी असे. खऱ्या जत्रेत मैदानावर दिवसातून दोनदा पाणी मारत. शिळ्या जत्रेत पाणी नसे. खऱ्या जत्रेत पाच फेऱ्या, शिळ्या जत्रेत तीन. खऱ्या जत्रेत बायकांची रांग वेगळी, तिला बांबूचा कठडा. शिळ्या जत्रेत एकच काथ्याचा दोर, तो दोन माणसं दोन टोकांना धरून गर्दीच्या पोटावर दाबत. कुणी दोराखालून वाकून आलं तर पाठीवर वेताची काठी. खऱ्या जत्रेत भोंग्यावरून 'बंधू-भगिनींनो' म्हणत. शिळ्या जत्रेत 'ए' म्हणत.

हसऱ्या आरशांचा एक तंबू असे. त्या वर्षी आरसे पेंढ्यात बांधून आधीच पुढच्या गावी गेले होते. तंबू तेवढा उरला होता आणि दारावर तिकीट चालू होतं. माणसं आत जात, रिकाम्या चौकटींपुढून चालत, पलीकडच्या दारानं बाहेर येत. रांगेतले विचारत, "कसं हाय?" बाहेर आलेला सांगे, "लय भारी." दोन दिवसांत एकाही माणसानं मागच्याला खरं सांगितलं नाही. मैदानाचा ठेका बापूरावांकडे होता. चौकटींचा हा खेळ त्यांच्या डोक्यातून निघालेला होता आणि तो पाहायला ते मित्रांना घेऊन येत.

बापूराव पन्नाशीचे, पांढऱ्या कपड्यांतले, गळ्यात शिट्टी अडकवलेले. घरची शेती मोठी. गावात कुठंही हशा पिकला की लोक विचारत, "बापूराव हायत का तिथं?" माणूस मनानं वाईट नव्हता, असं आजही सांगतात.

त्या दुपारी दोराजवळ एक म्हातारी उभी होती. नाव धुरपताबाई. बरोबर सून, कौसल्या. मुलगा तोडीच्या टोळीबरोबर होता, ती टोळी अजून परतायची होती. धुरपताबाईंचं गाव नदीच्या पल्याड, समोरच्या काठाला लागून. ठराव झाला त्या पावसाळ्यात तिथल्या गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वाड्यातली घरं पेटवली गेली आणि चौदा कुटुंबं नदी ओलांडून अल्याड आली. मैदानामागची वस्ती त्यांचीच. येताना त्यांना बजावलेलं होतं की परत पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या वर्षी मुलगा एकदा जाऊन आला. परतला तेव्हा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. त्यानंतर त्यानं गावाचा विषय काढला नाही.

धुरपताबाईंचा नवरा त्या जाळपोळीच्या आधल्या वर्षी वारला होता. त्याला पल्याडच्या काठावर, लिंबाखाली पुरलं होतं आणि डोक्याकडे दगड ठेवला होता. त्या दगडाला चुना लावला होता. शेजारी एका बागायतदाराचा ऊस होता. तो ऊस पुढं सरकलाय, दगडापर्यंत आलाय, असं कुणी कुणी सांगत. समोरची दरड उंच आहे, अल्याडच्या काठावरून तिच्यावरचं काही दिसत नाही. मोठ्या पाळण्याच्या माथ्यावरून दिसतं. पण चैत्रात ऊस उभा असतो, तेव्हा त्याच्या हिरव्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. वैशाखापर्यंत तो तुटलेला असतो आणि रान उघडं पडतं. म्हातारीनं हे सगळं जुळवून ठेवलं होतं. दगड आहे की नाही एवढंच तिला पाहायचं होतं.

ती बापूरावांना म्हणाली, "मालक, वर गेल्यावर जरासं थांबवा. लय न्हाई. जरासं."

"कशापाई? इमानात बसायलीस का काय?"

दोरामागची माणसं हसली.

"गाव बगायचंय."

"कोणतं?"

तिनं हात केला. सुनेनं तो मनगटाशी धरला आणि थोडा उजवीकडे वळवला. वर्तमानपत्रासाठी बातम्या टिपत मी तिथं उभा होतो, हे मी पाहिलं होतं. वहीत टिपलं नाही, कारण त्याचा अर्थ लागला नव्हता.

बापूरावांनी त्या हाताच्या रोखानं नदीपलीकडे पाहिलं. मग भोंगा तोंडाशी धरला. "रहीमभाई, म्हातारी थांबव म्हणती. थांबवा बरं का. म्हातारीला गाव बगू द्या."

पुन्हा हशा झाला. वस्तीतलीही काही माणसं हसली.

रहीमभाई इंजिनावर असत. चाक फिरवणं हे भार जुळवण्याचं काम आहे, ते त्यांच्याइतकं कुणाला येत नसे. माणसाकडे पाहून ते वजन सांगत आणि समोरासमोरचे डबे तोलून भरत. डबे बारा. तीन फेऱ्या झाल्या. डबे एकेक करून रिकामे व्हायला लागले. दोघींचा डबा खाली आला, तेव्हा कौसल्यानं सासूच्या चपला हातात घेतल्या होत्या आणि एक पाय पायरीवर ठेवला होता. डबा थांबला नाही. तिनं पाय आत ओढला. मैदानभर हसू झालं. पुढच्या फेरीलाही तो तसाच खालून गेला. या वेळी तिनं पाय बाहेर काढला नव्हता. बाकीचे अकरा डबे मोकळे झाल्यावर रहीमभाईंनी समोरच्या डब्यात वाळूची दोन पोती टाकली, तोल पाहिला, आणि दोघींना माथ्यावर नेऊन चाक थांबवलं. इंजिनाचा पट्टा काढला नव्हता. ते धडधडत राहिलं.

वैशाखातलं तीनचं ऊन होतं. डब्याला छत नव्हतं. खालच्या कठड्याच्या लोखंडाला हात लावून पाहिला तर तो ठेवता येत नव्हता.

थोड्या वेळानं रहीमभाई म्हणाले, "बापूसाब, धूप बहुत हाय. बुढ्ढी औरत हाय. उतार लेतूं."

"तिनंच सांगितलंय ना, थांबव म्हणून? गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं, रहीमभाई."

रहीमभाईंनी ब्रेकवरचा हात काढला नाही.

पहिली वीसेक मिनिटं गर्दीला मजा वाटली. मग ती कंटाळली. तोडकऱ्यांच्या गाड्या मैदानाच्या कडेला जुंपून ठेवलेल्या होत्या, बैलांच्या तोंडाला फेस आला होता, अंधाराच्या आत गावं गाठायची होती. पाळणा का थांबलाय, हे मागच्यांना माहीत नव्हतं. दोर ताणला गेला. दोर धरणाऱ्या एका माणसाच्या हाताची साल निघाली. अशी गर्दी बिथरली की ती कठडे मोडते, ठेकेदाराच्या अंगावर येते. बापूराव हे ओळखून होते. त्यांनी भोंगा उचलला.

"ए! ऐका. म्हातारी उतरत न्हाई म्हणायली. गाव बगायचंय म्हणती. आमी सांगून थकलो. आता तुमीच सांगा तिला."

गर्दीनं मान वर केली.

"ए म्हातारे, उतर की! आमी काय हितंच मुक्काम करावा काय?"

"तुज्या गावाला सोनं लागलंय का गं?"

"लेकराबाळांचं ऊन बग की, भवाने!"

ही माणसं तिच्याच वस्तीशेजारची होती. काही जण तिच्या मुलाबरोबर तोडीला जाणारे होते. कुणीतरी ढेकूळ फेकलं. ते डब्याच्या बुडाला लागून फुटलं आणि त्याची माती दोरामागच्या माणसांच्या डोक्यावर पडली, तेव्हा पुन्हा हशा झाला. दोर सैल पडला होता. बापूरावांनी भोंगा खाली ठेवला आणि पान लावायला घेतलं. वरून काही ऐकू येत नव्हतं. दोन डोकी दिसत होती, एकमेकींजवळ. सुनेनं पदराचं टोक सासूच्या डोक्यावर धरलं होतं.

त्या मैदानाचा आवाज आजही तोच आहे. इंजिनाची धडधड, तिच्यावर भोंग्यातलं गाणं आणि सगळ्यांखाली पिपाण्या. कडेला गारेगारवाले लाकडी पेट्यांची झाकणं आपटतात. फोटोवाल्याच्या पडद्यावर रंगवलेलं विमान असतं, त्यातून डोकी काढून माणसं फोटोला बसतात आणि फोटो काढताना कुणी हसत नाही. धुळीत सांडलेल्या रसावर माश्या बसतात. या गोष्टींना वर्ष नसतं. अकरा वर्षांपूर्वीची दुपार आणि यंदाची दुपार शेजारी ठेवली तर त्या पाटीखेरीज ओळखायला एकच खूण आहे. यंदा पाळण्याच्या दांड्यांवर ट्यूबलाइट लावलेत.

साडेचारला एक जीप आली. तालुक्याच्या एका साहेबांच्या घरची मुलं होती, त्यांना पाळण्यात बसायचं होतं. बापूरावांनी शिट्टी वाजवली. दोर मागं रेटला गेला. जीप थांबली तिथून पाळण्यापर्यंत घागरींनी पाणी मारलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. मग चाक अर्धी फेरी फिरलं आणि दोघींचा डबा खाली येऊन थांबला.

कौसल्याच्या दोन्ही तळहातांवर फोड आले होते. तिनं आधी सासूला उतरवलं. धुरपताबाईंचे ओठ फुटले होते. त्या हसत होत्या.

"बगा, बगा, हसायली," गर्दीतून एक बाई म्हणाली. "दीड तास आमाला उन्हात ठिवून हसायली."

बापूरावांनी विचारलं, "मग? दिसलं का गाव?"

"दिसलं," म्हातारी म्हणाली. "लय उपकार झाले, मालक."

बापूरावांनी शिट्टी वाजवली. साहेबांची मुलं डब्यात बसली. त्यांना पाच फेऱ्या दिल्या.

त्या संध्याकाळी मी बातमी लिहिली. ती परभणीला एसटीच्या टपालातून गेली आणि तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर छापून आली. तांत्रिक बिघाडामुळे मोठा पाळणा दीड तास बंद, जीवितहानी नाही. ठेकेदाराकडून मिळालेली माहिती होती. तिच्यातली वेळ आणि शेवटचे दोन शब्द बरोबर होते. खुलासा छापलेला नाही.

गावानं मात्र ती दुपार ठेवून घेतली. त्या उन्हाळ्यात एसटी स्टँडवर गाडीचा पत्ता नसला की कंट्रोलर म्हणायला लागला, "बसा, गाव बगा." रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, कचेरीत, जिथं माणसाला उगाच ताटकळत ठेवतात तिथं हे वाक्य येऊन बसलं. काय करायलास? गाव बगायलोय. नव्यानं बदलून आलेले कारकून दोन महिन्यांत ते शिकत. कुठून आलं, हे आता पुष्कळांना माहीत नाही. बापूरावांना माहीत आहे. हॉटेलात ते अजून सांगतात, थांबव म्हणली, थांबवलं. ऐकणारे हसतात.

यंदा कौसल्या मैदानात काकड्या विकत होती. पाटीत ओलं फडकं, त्यावर चिरलेल्या काकड्या, एका पुडीत तिखट-मीठ. तिनं मला ओळखलं.

"तुमी त्या टायमाला वहीत लिव्हायलता," ती म्हणाली.

हो म्हणालो.

"आमचं काय लिव्हलं?"

काय छापलं ते सांगितलं. ती काकडीच्या फोडी करत होती. फोडी करून झाल्यावर बोलली.

"आत्याबाईंना दिसतच नव्हतं, साहेब. दोन्ही डोळ्यांत मोत्या पडलेला. उजेड तेवढा कळायचा. म्हणून तर मला घेतलं संगं. म्हणल्या, तू बग अन् मला सांग. चाक फिरायलं की तुजं बगून हुणार न्हाई, म्हणून थांबवा म्हणावं."

"मग? पाहिलंस?"

"पयल्याच फेरीत बगितलं. दगड न्हवता. नांगर फिरलेला. उसाची खोडकी पार दरडीपतुर. लिंबबी तोडलेला."

"त्यांना काय सांगितलंस?"

"म्हणलं, हाय."

तिचा अंदाज असा होता की तीन फेऱ्या होतील, उतरू, एक शब्द बोलून भागेल. मग पाळणा थांबला.

"त्या इचारायल्या, चुना हाय का गं? म्हणलं, हाय. कुणी लावला आसंल? म्हणलं, लावला आसंल कुणीबी, समदीच माणसं वंगाळ नसत्यात. मग म्हणल्या, लिंबाची सावली पडती का त्यांच्यावर? म्हणलं, पडती, आत्ता बी पडलीय. पाखरं? हायत. शेण-बिण पडलंय का कडंला, गुरं बसत्यात का? म्हणलं, न्हाई, काटी लावलीय कुणीतरी चारी अंगानं, कुपणागत. एक सांगितलं की दुसरं इचारायच्या. एका खोट्याला दीड तास पुरवायचं म्हंजे काय, साहेब? मला सुचना गेलं. लोखंड भाजायलं, ते कळंना. पुढं काय सांगू, तेवढंच डोक्यात."

गर्दीतून कुणी काकडी मागितली. तिनं मीठ लावून दिली.

"अन् खालून शिव्या देत होते, ते?"

"आत्याबाई म्हणल्या, खाली कशाचा कालवा हाय? म्हणलं, तुमच्या नावानं हाका मारायल्यात. गाव बगा, म्हातारे, नीट बगा, म्हणायल्यात. त्यांना लय बरं वाटलं. मग ते ढेकूळ लागलं. म्हणल्या, हे काय? म्हणलं, पाखरू धडकलं."

ती आपण होऊन बोलली.

"शेवटाला म्हणल्या, डाव्या अंगाला जागा हाय का गं? म्हणलं, हाय. किती? म्हणलं, एक माणूस मावंल येवढी. म्हणल्या, मग मला तितंच ठिवा. दगडाच्या डाव्या अंगाला. बायकूची जागा ती. मला शपत घ्याया लावली वरच. मी घेतली."

त्यानंतर दहा वर्षं धुरपताबाई वस्तीतल्या बायकांना पल्याडचा दगड कसा आहे ते सांगत असत. चुना, सावली, काटी, पाखरं, सगळं. ऐकणाऱ्या बायकांपैकी काहींनी त्या दुपारी दोरामागून आवाज दिलेले होते. दर वर्षी शिळी जत्रा लागली की धुरपताबाई पाळण्याच्या इंजिनाच्या दिशेनं तोंड करून बसत. पुन्हा वर जायचं आहे असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. एकदा पाहिलंय, म्हणत.

या वैशाखात, एका दुपारी मी पात्रातून चालत पल्याड गेलो. पाणी घोट्याइतकं होतं. दरड चढून वर गेल्यावर रान लागतं. ऊस तुटलेला होता, पाचट जाळलेलं होतं आणि नांगराचे तास दरडीच्या कडेपर्यंत आलेले होते. लिंबाचं खोड नाही. दगड नाही. एका सालदारानं हटकलं. तो सात वर्षांपासून तिथं कामाला आहे. तो आला तेव्हाही तिथं काही नव्हतं, असं त्यानं सांगितलं.

धुरपताबाई गेल्या श्रावणात वारल्या. पल्याड न्यायचं कुणी बोललं नाही. त्यांना वस्तीच्या मागं, अल्याडच्या काठावर पुरलं. माणसं परतल्यावर कौसल्या पात्रात उतरली, एक दगड निवडला आणि आपल्या मुलाच्या मदतीनं वर आणला. त्याला चुना लावला. धुरपताबाईंना ठेवलं होतं, त्याच्या उजव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडून तिनं तो त्या रिकाम्या जागेच्या डोक्याशी रोवला. मी जाऊन पाहिलं. धुरपताबाई दगडाच्या डाव्या अंगाला आहेत.